प्रभाकरनानांचे भिंग आणि मुद्राचित्रे

मी नशिराबादच्या शाळेत चित्रकला शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. दीपनगरच्या वीजकेंद्रातून नुकतेच निवृत्त झालेले एक गृहस्थ हातात कागदाची गुंडाळी घेऊन वर्गाच्या दाराशी आले. म्हणाले, "मॅडम, हे चित्र मला कळत नाही आणि सोडवतही नाही. जरा बघता का?" काळ्या शाईचे रुंद फटकारे आणि मधेच ओघळलेला तांबडा रंग. मलाही धड काही सांगता आले नाही. प्रभाकरनानांशी झालेली ही पहिली भेट.

पुढे नानांनी अशी अमूर्त मुद्राचित्रे जमवायला सुरुवात केली. दगडावर किंवा धातूवर चित्रकाराने स्वतः काम करायचे आणि मोजक्याच प्रती काढायच्या, हा प्रकार. जळगावच्या त्यांच्या घरी आलेल्या प्रत्येकाला ते चित्रासमोर उभे करत. धुळ्याकडच्या त्यांच्या चुलतबहीण अक्का एकदा म्हणाल्या, "नाना, हाई काय शे? माले ते वावधन येस तसं दिखस!" वादळ! नानांनी ते लगेच वहीत लिहून घेतले. अर्थ सांगायचा मोह त्यांनी नेहमी टाळला. समोरच्याला काय दिसते, याचेच त्यांना कुतूहल.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या संग्रहाचे जळगावात प्रदर्शन ठरले. आदल्या दिवशी काच पुसण्यासाठी आम्ही त्यांचे सर्वांत लाडके निळे चित्र चौकटीतून काढले. मी सहज भिंग लावले. रंगाच्या जागी बारीक ठिपक्यांच्या शिस्तशीर रांगा होत्या. सांगावे की नाही, मला कळेना. शेवटी म्हटले, "नाना, हे दगडावरचे नाही. छापखान्यातली नक्कल आहे."

त्यांनी भिंग घेतले आणि बराच वेळ पाहिले. चेहरा उतरला. "म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना चुकीचं सांगत होतो."

"उद्या लावायला नको हे."

"काढायचं कशाला? लोक सगळ्यात जास्त ह्याच्यासमोरच थांबतात. का थांबतात, ते बघायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी चित्राखाली त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती : 'हे मूळ मुद्राचित्र नाही. मूळ समजून मी ते विकत घेतले. भिंगातून पाहावे.' शेजारी दोरीला भिंग बांधलेले. दिवसभर तिथेच गर्दी. डाळमिलवाले त्यांचे एक स्नेही म्हणाले, "नाना, फसलो असं जाहीर कशाला लिहायचं?" नाना म्हणाले, "भाऊ, लिहिलं नसतं तर तुम्ही भिंग लावलं असतं का?"

आमच्या मैत्रीत अंतर पडेल, अशी मला धास्ती होती. प्रदर्शन संपल्यावर नानाच सकाळी माझ्या घरी आले. "चला, बाकीचीही तपासू." आठवडाभर आम्ही एकेक चौकट उघडत होतो. आणखी एक नक्कल निघाली तेव्हा ते चक्क हसले आणि नक्कल ओळखायच्या खुणा नीट समजावून घेतल्या. आता गावातले चित्रकलेचे शिक्षक मुलांना घेऊन त्यांच्याकडे येतात. "हात धुवा आणि कागद हातात धरून बघा," असे सांगून नाना चित्र खुशाल मुलांच्या हाती देतात.

यंदा पंचाहत्तरीत त्यांनी जस्ताच्या पत्र्यावर स्वतः कोरायला घेतले आहे. पहिली प्रत पूर्ण फिसकटली. दुसरी त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, आवडली. नानांना वहिनींसह उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि पावसाळ्यात शाई वाळत नाही ही त्यांची नवी तक्रार आम्हाला पुढची कित्येक वर्षे ऐकायला मिळो.