कॅचरचे बाबा

वर्धा जिल्ह्यात बेसबॉलचे नियम समजणारी माणसं किती असतील ते मला ठाऊक नाही, पण एकही नियम न समजता त्या खेळावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे आणि तो देवळीला बी-बियाण्यांच्या दुकानात बसतो. त्याचं नाव मी सांगणार नाही. एक तर त्याला ते आवडायचं नाही, आणि दुसरं म्हणजे सहा महिने मलाही ते माहीत नव्हतं. शाळेच्या बेसबॉल टीमचे जे पालक मैदानाच्या कडेला उभे असतात, त्यांना नावं नसतात. मुलगी जिथे उभी राहते ती आमची ओळख. बॉल टाकणाऱ्या पिचरची आई, सेंटर फील्डची मावशी, अशी सगळी बिरादरी. माझी ईश्वरी तिसऱ्या बेसवर खेळायची, म्हणून पंचवीस वर्षं मुलांना गणित शिकवलेला मी तिथे नुसता 'थर्ड बेसवाले सर' होतो. आणि जाळीचा मुखवटा घालून होमच्या, म्हणजे बॅटिंगच्या जागेच्या, मागे उकिडवी बसणारी पायल ज्यांची, ते कॅचरचे बाबा.

रोज सकाळी देवळीहून मोटारसायकलवर पायलला घेऊन ते वर्ध्याच्या मैदानावर हजर असत. सोडून परत जातील तर शपथ. दुकान दहाला उघडायचं ते त्या हंगामात अकराला, साडेअकराला, आणि सामना असला तर उघडतच नसे. गिऱ्हाईक फोन करून विचारी, "भाऊ, सोयाबीनवर अळी पडली, काय मारू?" तर हे मैदानावरूनच ओरडून औषध सांगत आणि मधेच "धर, धर, सोडू नको!" असंही म्हणत. त्या शेतकऱ्याने कोणाला धरलं असेल देव जाणे. आवाज तर असा, की ट्रॅक्टर चालू असताना बांधापलीकडच्या माणसाशी गप्पा मारून कमावलेला. आमच्या मॅडम, म्हणजे मुलींच्या कोच, शिट्टी वाजवायच्या ती कोणाला ऐकू जायची नाही. कॅचरचे बाबा खोकले की पार लांब उभ्या असलेल्या आउटफील्डच्या मुली वळून पाहायच्या.

अडचण एवढीच, की ते जे ओरडत ते क्रिकेटचं असे. बेसबॉलमध्ये बॉल बॅटला लागून मैदानात गेला की पळावंच लागतं, तिथे "आता नाही घेतला रन" हा प्रकारच नाही. चार बेसचं चौकोनी रिंगण, पळत पळत शेवटच्या होमला टेकलं की एक रन. पण कॅचरच्या बाबांचं मन ते काही केल्या मान्य करीना. मुलगी पळायला लागली की हे हात आडवा करून ओरडत, "नाई, नाई! थांब! मागे फिर!" मग मला विचारत, "सर, बॉल त इथंच पडून राह्यला. पोरगी पळून काऊन राह्यली?" मुलींनी पहिल्या पंधरवड्यातच त्यांच्याकडे लक्ष देणं सोडलं. देवळात घंटा वाजते तेवढ्याच भक्तिभावाने त्या तो आवाज ऐकत आणि आपलं काम करत.

पण माणूस नुसता ओरडणारा नव्हता. टीमला कॅचरचे पायाचे गार्ड होते ते कुणा धिप्पाड मुलाच्या मापाचे. कॅचरच्या बाबांनी दुकानातला पाण्याचा पीव्हीसी पाइप उभा चिरला, आतून फोम चिकटवला, पट्टे लावले आणि पायलच्या नडगीला बांधले. चालताना ती टकटक वाजायची, पण एकदा बॉल नडगीवर आदळून परत पिचरकडे गेला आणि पायलला कळलंसुद्धा नाही. सामन्याला येताना ते स्टीलच्या मोठ्या डब्यात तर्रीपोहे आणत. आमच्या टीमला, समोरच्या टीमला आणि पंचांनाही. पंचांनी नको म्हटलं की यांचा चेहरा पडे. "पंच आपल्यावर नाराज दिसते, सर." तळेगावकडे कोणा मित्राचा संत्र्याचा बगीचा होता, तिकडून एकदा त्यांनी पोतंभर संत्री आणून सामन्याआधी समोरच्या मुलींना वाटली. मला वाटलं, वा, काय डाव आहे! पिचरचे हात चिकट झाले की बॉल सुटायचा नाही. मी कौतुकाने तसं म्हटलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. "सर, त्या बी लेकरंच हायेत ना," म्हणाले. मी संत्रं सोलू लागलो.

मैदानाच्या रेषा आखायला पांढरी पावडर संपली, तेव्हा "मी आणतो" म्हणून हे उठले आणि पहाटेच्या अंधारात गोदामातून चुन्याऐवजी युरियाचं पोतं घेऊन आले. तालुक्यात युरियासाठी लोक रांगा लावून उभे, आणि कॅचरच्या बाबांनी तो पहिल्या बेसपासून तिसऱ्यापर्यंत झोकात आखला. पंधरा दिवसांनी, मधे दोन सरी पडून गेल्यावर, मैदान सगळं उजाड आणि रेषा तेवढ्या हिरव्यागार. तो आठवडा आम्हाला आखणी करावी लागली नाही.

आता हे सगळं मी हसत हसत सांगतोय म्हणून मी फार शहाणा होतो असं समजू नका. मी नियमांचं पुस्तक इंटरनेटवरून उतरवून, छापून, स्पायरल बाइंडिंग करून घेतलं होतं. ते बगलेत मारून मी मैदानावर हिंडे आणि न विचारता लोकांना समजावून सांगे. सामन्याच्या दिवशी मी शिकवतो त्या शाळेत 'प्रकृती ठीक नसल्याने' असा अर्ज टाकून मी रजा घेई, आणि दुसऱ्या दिवशी उन्हाने नाक सोललेलं घेऊन वर्गावर जाई. बायको म्हणायची, "मुलगी दहावीत आहे की तुम्ही?" एरवी अंधश्रद्धेवर व्याख्यान द्यायला तयार असलेला मी, सामना जिंकलो त्या दिवशीचाच शर्ट पुढच्या सामन्याला घालत असे, धुतलेला नाही, तोच. कॅचरचे बाबा निदान आंघोळ करून येत.

त्या वर्षी आमच्या मुली जिल्ह्याच्या फायनलला पोचल्या. जिंकल्या तर विभागीय स्पर्धा. ईश्वरी आणि पायल दोघींचंही सतरा वर्षांखालचं ते शेवटचं वर्ष. पुढच्या हंगामात वय बसणार नव्हतं. सेमीफायनलमध्ये कॅचरच्या बाबांनी एवढा गलका केला होता की पंचांनी सामना थांबवून ताकीद दिली. मॅडम पालकांकडे आल्या आणि म्हणाल्या, "फायनलला कडेवरून एक आवाज जरी आला तरी मी खपवून घेणार नाही." सगळ्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं. तो माणूस मान खाली घालून उभा होता. नंतर चहाच्या टपरीवर मला म्हणाला, "सर, मी कबड्डीत तालुक्याच्या पुढं नाई गेलो. निवड झालती जिल्ह्याले, पण घरी कापूस वेचाचा होता, बापानं नाई जाऊ देलं. पायल एकदा विभागावर खेळली पाह्यजे. माह्या तोंडापायी नाई झालं तं मी काय करू?"

मग मी त्यांना शिकवायला घेतलं. टपरीच्या बाकावर चार बिस्किटं मांडून बेस केले, शेंगदाणे पळवले. आठ दिवस संध्याकाळी शिकवणी चालली. बिस्किटं ते मधेच खाऊन टाकत म्हणून मैदान वारंवार बदलावं लागे, पण विद्यार्थी मन लावून शिकला. शेवटी मी त्यांना म्हटलं, "भाऊ, सगळं विसरलात तरी चालेल. फायनलला तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. मी तुमचा हात धरून ठेवतो. ओरडावंसं वाटलं की मी दाबीन. बस, गप्प राहायचं." त्यांनी कबूल केलं.

फायनलच्या दिवशी सकाळपासून मी त्यांचं मनगट धरून बसलो. लग्नातसुद्धा मी बायकोचा हात एवढा वेळ धरला नव्हता. आणि खरं सांगतो, तो माणूस एक शब्द बोलला नाही. घाम यायचा, मान ताठ व्हायची, पण तोंड बंद. मला अभिमान वाटत होता. त्यांचा नाही, माझ्या शिकवण्याचा.

शेवटच्या इनिंगला आम्ही एका रनने मागे. बॅटिंग आमची, दोन मुली आउट झालेल्या, तिसरी झाली की खेळ संपला. पळत पळत तिसऱ्या बेसपर्यंत पोचलेली ईश्वरी. बॅटिंग करणाऱ्या मुलीने बॉल जमिनीलगत मारला आणि ईश्वरी होमकडे सुटली. ती पोचली असती तर बरोबरी होती. समोरच्या मुलीने बॉल उचलून होमकडे फेकला. तो बॉल हवेतून येताना मला दिसला, माझ्या मुलीच्या आधी पोचणार असं वाटलं, आणि मैदानभर एक आवाज घुमला:

"थांब! मागे फिर!"

ईश्वरी अर्ध्या वाटेत थांबली. बॉल खरं तर बाजूला गेला होता, समोरच्या कॅचरला तो घ्यायला चार पावलं धावावं लागलं. ईश्वरी थांबली नसती तर चालतसुद्धा पोचली असती. पण ती मागे वळली आणि तिसऱ्या बेसच्या अलीकडे तिला बॉल लावून आउट केलं. सामना संपला.

आवाज माझा होता.

सगळं मैदान वळलं, आणि नेहमीच्या ठिकाणी पाहू लागलं. कॅचरच्या बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांचं मनगट अजून माझ्या मुठीत होतं. ते सोडवून घेत त्यांनी तोच हात वर केला आणि ते उभे राहिले. "मीच ओरडलो, मॅडम," म्हणाले. "चुकलं. सवय नाई जात बाप्पा."

मी तेव्हा उठायला हवं होतं. मी बसून राहिलो. माझ्या मांडीवर नियमांचं पुस्तक होतं. पायल मुखवटा मांडीवर घेऊन रडत होती आणि बापाकडे बघायलाही तयार नव्हती. परत जाताना मोटारसायकलवर ती मागच्या सळीला धरून बसली, बापाच्या खांद्याला हात लावला नाही.

घरी ईश्वरी जेवली नाही. मी तिच्या खोलीत गेलो, इकडचं तिकडचं बोलू लागलो. ती म्हणाली, "बाबा, काकांचं कोणी ऐकते का? ते वर्षभर ओरडून राह्यले, मी एकदा तरी थांबली का? तुमचा आवाज होता म्हणून थांबली. मले वाटलं, तुम्हाला नियम माहीत आहेत." एवढं बोलून तिने चादर डोक्यावरून घेतली.

चार दिवस मी शाळेत काय शिकवलं ते विद्यार्थ्यांनाच माहीत. रविवारी देवळीची एसटी पकडली. दुकानात हरभऱ्याच्या बियाण्याला गर्दी. पायल पावत्या फाडत होती, आणि पावती बापाच्या हातात न देता टेबलावर ठेवत होती. मी तिच्यासमोर गेलो आणि म्हटलं, "पायल, फायनलला 'थांब' म्हणून मी ओरडलो होतो." बाहेर ट्रॅक्टर चालू होता. ती म्हणाली, "काय काका?" मी पुन्हा सांगितलं. तिला पुन्हा ऐकू आलं नाही. तेव्हा पंचवीस वर्षं पोरांना 'आवाज नको' म्हणत आलेल्या मी सगळा जीव गोळा करून ओरडलो, "मी ओरडलो होतो! तुझे बाबा नाही! मी!" तेवढ्यात ट्रॅक्टर बंद पडला, त्यामुळे दुकानातल्या गिऱ्हाइकांना, शेजारच्या भांड्यांच्या दुकानाला आणि बहुतेक निम्म्या बाजाराला ते कळलं.

कॅचरचे बाबा कपाळावर हात मारून म्हणाले, "काय सर! चांगलं मिटत आलतं ना. आठ दिवसांत इसरली असती पोट्टी." पायलने माझ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, डोळे पुसले. मग पुढची पावती फाडून तिने ती बापाच्या हातात दिली आणि म्हणाली, "बाबा, सकाळपासून चहा नाई घेतला तुम्ही. सांगू का?" तो माणूस नुसती मान हलवत राहिला. गिऱ्हाईक दोन वेळा भाव विचारत होतं, ते त्याला ऐकू आलं नाही.

मला सोडायला ते स्टँडपर्यंत आले. मी माफी मागायला तोंड उघडलं की ते विषय पिकावर नेत. शेवटी मी म्हटलं, "भाऊ, निदान मला चार शिव्या तरी द्या." ते हसले. "शिव्या कायच्या? आवाज मात्र जबर लावला तुम्ही. मलेच दोन मिनिटं वाटलं, का माहाच हाये." मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "एकच गोष्ट राह्यली, सर. फायनलले पायलनं मधे तो कॅच घेतला ना, मागं पळत जाऊन, मैदानाच्या जाळीपाशी? असा कॅच म्यां जन्मात नाई पाह्यला. तवा लय ओरडावं वाटलं. तिचं नाव घेऊन."

"मग ओरडायचं ना हो," मी म्हणालो.

"कसा ओरडू? तुम्ही हात दाबला ना."

त्यांच्या लेकीचा तो शेवटचा सामना होता. बस आली, मी चढलो. वर्ध्यापर्यंत मला रडू आवरलं नाही.