गल्लीतला पाळणा

आमच्या गल्लीत पाळणा एकच. ज्या घरी बारसं, त्या घरी तो जायचा. माझ्याकडे चारदा आला. मग माळावर परदेशी कंपनी उभी राहिली, गल्लीतल्या सुना तिथं कामाला लागल्या आणि पाळणा आमच्याच माळ्यावर पडून राहिला.

आज सकाळी माझी सून गळ्यात ओळखपत्र घालून कंपनीच्या बसची वाट बघत होती. शेजारणीनं विचारलंच, "पाळणा कधी खाली काढायचा गं?"

"बघू काकू, एवढ्यात नाही," ती हसून म्हणाली आणि बसमध्ये चढली.

नातवंडासाठी जीव तुटायला हवा होता माझा. पण मी जळले ती त्या "बघू"वर. मूल कधी हवं, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. चारही लेकरं जिवापाड प्रिय आहेत. तरी वाटलं, मेली ही कंपनी, तीस वर्षं आधी यायला हिला काय झालं होतं!