सतरा नंबरचा बद्रीनाथ

बद्रीनाथला नाही म्हणता येत नाही, हे हडपसरच्या त्याच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाचा सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवायचा असो की कुणाच्या लग्नात वाढपी कमी पडो, हाक बद्रीलाच. डेक्कनजवळच्या त्या मोठ्या कॉलेजात मात्र त्याला कुणी हाकच मारत नव्हतं. दोन महिने होत आले तरी त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. वर्गातली निम्मी मुलं एकाच शाळेतून आलेली, उरलेली एकाच क्लासमधून. त्यांची टोळकी आधीच जमलेली होती. बद्री शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचा, डबा एकटा खायचा आणि घरी येऊन आईला सांगायचा, "मस्त आहे कॉलेज."

अशात मंडळांचा दिवस आला. त्या दिवशी कॉलेजातली यच्चयावत मंडळं पटांगणात टेबलं मांडून बसतात आणि नव्या पोरांना मंडईतल्या भाजीवाल्यांसारखी हाका मारतात. पहिलंच टेबल नाट्यमंडळाचं होतं. तिथल्या मुलीने पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "नाव काय तुझं?"

झालं. बद्री जागच्या जागी विरघळला. कॉलेजात हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. त्याने नाव सांगितलं, नाटकाची लहानपणापासून आवड आहे असंही ठोकून दिलं आणि पुढच्या टेबलाशी गेला. तिथेही नाव विचारलं. मग काय विचारता! वादविवाद मंडळ झालं, एनएसएस झालं, फोटोग्राफी झाली, शेवटी गिरिभ्रमण मंडळही झालं. आवड सगळ्याचीच लहानपणापासून होती. कॅमेरा त्याच्याकडे नव्हता, आणि डोंगर त्याने पाहिले होते ते बसच्या खिडकीतून.

"पाच ठिकानी नाव देऊन आला?" आई म्हणाली. वाशीम सोडून आठ वर्षं झाली होती, पण तिची बोली काही पुण्याला वळली नव्हती. "काहून रे, कॉलेजात शिकवत बी असतीन ना काही?"

बाबा कारखान्यातून दमून आले होते. त्यांनी एवढंच विचारलं, की यातल्या कुठल्या मंडळात जेवायला देतात.

पाच मंडळांचे पाच व्हॉट्सॲप ग्रुप. फोन दिवसभर असा गुणगुणायला लागला, की बद्रीने वैतागून त्याचा आवाज कायमचा बंद केला. तरी विचारेल त्याला "हो, येतो" लिहिणं चालूच होतं. व्हायचं तेच झालं. एकाच रविवारी सकाळी गिरिभ्रमण मंडळाची नव्या मुलांसाठी सिंहगडाची चढाई आणि दुपारी कॉलेजात नाट्यमंडळाची निवड चाचणी. बद्रीने स्वतःला समजावलं, की सकाळी गड चढू, झटकन उतरू, दुपारी नट होऊ. सिंहगड आणि नाटक, दोन्हींचा अनुभव शून्य असल्याशिवाय असं नियोजन सुचत नाही.

गडाच्या पायथ्याशी शेफालीने सगळ्यांना गोल उभं केलं. ती तिसऱ्या वर्षाची, मंडळाची प्रमुख. अंगाने लहानखुरी, पण बोलायला लागली की उंच मुलंसुद्धा सरळ उभी राहायची.

"आपल्याकडे मोजणी असते," ती म्हणाली. "प्रत्येकाला एक नंबर. थांबलो की मोजणी, निघताना मोजणी. आकडा पूर्ण झाल्याशिवाय कुणी पाऊल उचलायचं नाही. स्वतःचं नाव विसरलात तरी चालेल, नंबर विसरायचा नाही."

बद्रीला सतरा नंबर मिळाला. अठरावी होती जिनत. भवानी पेठेत तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं, त्यामुळे पुणेरी टोमणा तिच्या जिभेवर तयारच असायचा. पहिल्या मोजणीला बद्री आपला नंबर पुटपुटला तशी ती म्हणाली, "मोठ्याने बोल की जरा. तू गप्प बसलास की माझी गाडी अडते."

अर्ध्या वाटेवर सरबताच्या टपरीपाशी सगळे थांबले. मोजणी झाली. बद्रीने टपरीतल्या घड्याळात पाहिलं. बस उशिरा आली होती, चढायला त्याहून उशीर झाला होता. आत्ता उतरलो तरच दुपार गाठता येणार. शेफालीला सांगावं, तर आज सकाळीच तिला सांगून झालं होतं, की डोंगर म्हणजे आपला जीव की प्राण. आणि इतक्या जणांत आपण नसलो तर कुणाला कळणार आहे? वर्गात दोन महिन्यांत कळलं नव्हतं. सगळे सरबतात गुंतलेले पाहून तो धुक्यातून मुकाट्याने खाली सटकला. मिळेल त्या जीपने खडकवासला, तिथून बस, स्वारगेटहून रिक्षा.

नाट्यमंडळाच्या खोलीबाहेर ही लांब रांग. दर थोड्या वेळाने दार किलकिलं व्हायचं आणि आतून आवाज यायचा, "नेक्स्ट!" बद्रीचा नंबर जवळ आला. वेळ पाहायला म्हणून त्याने खिशातून फोन काढला आणि तो तसाच बघत राहिला. पडद्यावर न घेतलेले फोनच फोन. शेफाली, जिनत, पुन्हा शेफाली, शिवाय अनोळखी नंबर किती तरी.

त्याने शेफालीला फोन लावला.

"कुठे आहेस?" शेफालीचा आवाज बसला होता.

"कॉलेजात, ताई."

मग तिने फोन बाजूला धरून ओरडलेलं ऐकू आलं, "सतरा सापडला! खाली गेलेल्यांना वर बोलवा!"

"तुम्ही... गडावर पोचलात ना?"

"कसे पोचणार? त्याच टपरीपाशी आहोत. चौघे घळीत उतरून तुला हाका मारतायत. सोळाच्या पुढे अठरा येत नाही आमच्याकडे." आणि मग, "पडला-बिडला नाहीस ना कुठे?"

"नाही."

"मग उपकार झाले." फोन बंद.

बद्रीचे कान लाजेने तापले. पण खोटं कशाला बोला, त्या लाजेच्या तळाशी त्याला आनंदही झाला. आपण नाही म्हणून अख्खा डोंगर अडून बसला होता. आनंद झाला म्हणून मग त्याला आणखीच लाज वाटली.

"नेक्स्ट!"

बद्री रांगेतून बाहेर पडला. त्याच्या मागचा मुलगा आत गेला आणि दार बंद झालं.

स्वारगेटला तो दुपारभर उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने अनेकदा जुळवलं, अनेकदा विसरला. संध्याकाळी सिंहगडाची बस लागली आणि एकेक जण चिखलाने माखलेला, भुकेला असा उतरू लागला. गडावरचं पिठलं-भाकरी बद्रीमुळे हुकलं होतं आणि ते प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

शेफालीने त्याला पाहिलं. "या. आपण पुढे आलात, फार बरं केलंत."

"चुकलं, ताई. मला वाटलं, कुणाच्या लक्षात येणार नाही." जुळवलेल्यातलं एवढंच त्याला आठवलं. त्याचे डोळे भरून आले.

शेफालीने नेहमीसारखा हात वर केला, "मोजणी!"

एक, दोन, तीन... आकडे फुटपाथवरून सरकत गेले. सोळा झाले. आणि सगळे थांबले. पीएमटीचे प्रवासी धक्के मारत जात होते, कंडक्टर बाजूला व्हा म्हणून खेकसत होता, तरी कुणी हललं नाही. बद्रीला वाटलं, आपल्याला कुठे विचारतायत? आपण तर अर्ध्या वाटेवरूनच पळालो. मग जिनतने त्याला कोपराने ढोसलं.

"सतरा," तो कसाबसा म्हणाला.

"ऐकू नाही आलं," शेफाली म्हणाली.

"सतरा!" बद्री ओरडला, असा की रिक्षाच्या रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं.

"अठरा," जिनत म्हणाली. "सकाळपासून तोंडात धरून बसलेय."