मुरबाड स्टेशनसमोरचं बक्षीस

धुण्याच्या पावडरीचा पुडा फोडला की तो लिंबाचा उग्र वास मला शेजारच्या वहिनींच्या ओटीवर नेतो. फिरत्या विक्रेत्याने पुड्यासोबत दिलेलं कुपन त्यांनी खरवडलं आणि बक्षीस म्हणून मिक्सर लागला. फक्त पाचशे रुपये 'कर' आधी भरायचा होता. भातलावणीच्या मजुरीच्या नोटा त्यांच्या मुठीत तयार होत्या. मला संशय आला, म्हणून मी कुपन दोनदा वाचलं. बक्षीस मिळण्याचं ठिकाण छापलं होतं, मुरबाड रेल्वे स्टेशनसमोर. मुरबाडला जायचं तर एसटी, नाहीतर जीप. मी विचारलं, "मुरबाडला रेल्वे कधी आली?" विक्रेता अडखळला. "येणार आहे ना, लवकरच." वहिनींनी नोटा कमरेला खोचल्या. "मंग गाडी आली का ये रे, तवा देते." कुपन दिसलं की मी अजूनही आधी पत्ता वाचतो. रेल्वे आलेली नाही, आणि तो विक्रेताही आला नाही.