काचेवरचं फिरतं तोंड

आमच्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये एक भूत होतं, आणि त्याला बीजगणित येत होतं.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढचं सगळं फौजेनं शिकवलं. भूतबित मी मानत नाही. (आमची ही मानते. पण ती टीव्हीवरचं राशिभविष्यही मानते!)

नात सई एमबीएच्या प्रवेशपरीक्षेला बसत होती, दुसऱ्यांदा. पहिल्या खेपेला लहान-मोठ्याच्या गणितांनी घात केला. दोन्ही बाजूंना उण्यानं भागलं की मधल्या चिन्हाचं तोंड फिरवायचं असतं म्हणे, आणि पोरगी नेमकं तेच विसरायची. परीक्षा उद्यावर आलेली. तिनं बाल्कनीच्या सरकत्या काचेवर मार्करनं गणित सोडवलं. शेवटचं चिन्ह लाल, वीतभर!

"आजोबा, हे तोंड डावीकडेच राहिलं पाहिजे हं. क्लासहून येऊन परत बघणारे मी. कुणाला हात लावू देऊ नका, प्लीज!"

"फौजीचा पहारा आहे. जा तू बिल्कुल."

बाहेर स्मॉग असा, की समोरची बिल्डिंग कुणी पुसून टाकलेली. भर दुपारी तिन्हीसांजा. घरात चिडीचूप. वाळत टाकलेली माकडटोपी आणायला बाल्कनीत गेलो, दार ओढलं, वळून पाहिलं... तोंड उजवीकडे!

आत आलो. डावीकडे.

बाहेर. उजवीकडे!

मानेवरून कुणी गार बोट फिरवावं तसं झालं. "कौन है?" मी दरडावलं. स्मॉगमधून खोकला आला. (माझाच निघाला.)

पण पहारा म्हणजे पहारा! टोपी चढवली, मार्कर घेतला आणि बाहेर उभं राहून त्याच चिन्हावर डावीकडे बघणारं तोंड ठसठशीत काढलं. आत येऊन बघतो तर दोन तोंडं, एकमेकांत घुसलेली! डस्टर घासला. एक गेलं. दुसरं जाईना! थुंकी लावली, तरी जाईना. शिवाय उजवीकडे बघत हसतंय! आणि त्याच्या मागे, धुरकटात, माकडटोपीतला एक म्हातारा माझ्यावर डस्टर उगारून उभा!

"अगं, मीठ-मोहऱ्या आण!"

"अहो, कुणाची दृष्ट काढू?"

"दाराची!"

हिनं खरंच काढली. तेवढ्यात सई आली. फरशीवर मीठ, काचेवर ते तोंड.

"आजोबा! हे उलटं कुणी केलं?" पोरीचे डोळे भरले. "उद्या पेपर आहे माझा!"

"मी नाही. ते आपोआप फिरतं. आणि पुसलंही जात नाही!"

सईनं माझ्या हातातला मार्कर पाहिला. मग ओलं फडकं घेऊन बाल्कनीत गेली आणि बाहेरून एक हात फिरवला. भूत साफ!

"यार आजोबा, काच आहे ही! आतलं डावं बाहेरून उजवंच दिसणार ना!" आणि हसत हसत त्या मिठातच बसली.

पेपरात तिचं एकही तोंड चुकलं नाही. म्हणाली, "उणं दिसलं, की तुम्ही आत-बाहेर पळताना दिसायचात."

मी उभी हयात सरहद्दीवर पहारा दिला. शत्रू कुठल्या बाजूला आहे हे कधी चुकलं नाही! घरच्या दारात मी स्वतः कुठल्या बाजूला आहे, एवढंच काय ते बघायचं राहून गेलं.