वर डोंगर, खाली दर्या

आमच्या गावात उत्तर-दक्षिण नव्हती. डोंगराकडं चढायचं ते ‘वर’, दर्याकडं उतरायचं ते ‘खाली’, आणि उरलेल्या दोन बाजूंना कुणी विचारत नसे. वरच्या अंगाला आंबे, मध्ये पेठ, तिच्या खाली आमची खाऱ्या जमिनीतली भातशेतं, आणि शेवटी समुद्राला आत येऊ न देणारा बांध. तो आमच्या पूर्वजांनी घातला. आधी बांध, मग शेतं, मग घरं, आणि घरं झाली म्हणून पेठ. पेठेतले लोक मात्र सांगत, गाव आमच्यामुळं वसलं. बांध नसता तर त्यांनी दुकानं काय माशांसाठी मांडली असती?

एकोणीसशे तीसच्या सुमारास मी मराठी चौथीत होते. खालच्या आळीतून शाळेत जाणारी मी एकटीच मुलगी. अलिबागेला मावशीकडं राहून पुढं शिकायचं माझ्या मनानं घेतलं होतं. बापूस म्हणाला, “दिपोटीच्या परीक्षेत पास झालीस तर बघू. न्हायतर तुला पोरगा बघतो.”

दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. ते आले तेव्हा त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं होतं आणि कपाळाला आठ्या होत्या. म्हणाले, “आपल्या गावाचा नकाशा काढा.” मी मन लावून काढला. वर डोंगर, खाली दर्या, मध्ये आळ्या, विहिरी, बांध.

“नकाशात वर उत्तर असते,” साहेब म्हणाले. “तू पूर्व वर घातलीस.” आणि त्यांनी पेन्सिल उचलली. त्या एका फुलीनं माझं लग्न ठरणार होतं. पण मला रडण्याआधी रागच आला.

“साहेब, उत्तरेला नुसतं शेजारचं गाव हाय. ते आमच्या वर कसं?”

मास्तरांचा चेहरा पडला; मला अलिबागेला पुढं शिकायचंय, हे त्यांनी साहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं. साहेबांनी विचारलं, “मग तुमच्याकडे खाली म्हणजे कुठे?” मी दर्याकडं हात केला. ते आपल्या धोतराकडं बघत राहिले आणि एकदम हसू लागले. सकाळी त्यांनी शाळेची वाट विचारली, तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं, पेठेतून खाली जा. साहेब नकाशातलं ‘खाली’ धरून दक्षिणेला वळले आणि मिठागरात रुतले.

“पास,” ते म्हणाले. “पण अलिबागेला उत्तर वर घाल. तिथे मी नसेन.”

घरी येऊन मी कागद ओटीवर पसरला. बापूस वाकून बघू लागला. त्यानं विहिरीवर बोट ठेवलं. “ही हिर?” “व्हय.” मग त्याचं बोट बांधापाशी थांबलं. “हितं चुकलीस. बांध आत वळतो. खडक होता, म्हणून आज्यानं वळवला.” मी खोडून दुरुस्त केलं. अक्षर न ओळखणाऱ्या माझ्या बापानं पहिल्यांदाच कागद वाचला होता. मला त्याचा इतका अभिमान वाटला, की पास झाल्याचं सांगायचंच राहिलं.

सांगितलं, तसा त्यानं कागद स्वतःकडं ओढला. शब्द फिरवतोय की काय, म्हणून मी घाबरले. त्यानं कागद उलटला आणि कोरी बाजू माझ्यापुढं सरकवली.

“आता अलिबाग काढ,” तो म्हणाला. “मावशीचं घर काढ, शाळा काढ. तू कुठं हाईस ते मला हितनं दिसाय पायजे.”