नदीकाठची लाईट

सोलापुरात ‘पाणी आलं’ म्हटलं की माणूस हातातलं काम टाकून पळतो. नळ चार-पाच दिवसांनी येतो आणि कधी येईल याचा नेम नसतो. तुम्ही फोनवर कितीही जिव्हाळ्याचं बोलत असा, समोरची बाई ‘पाणी आलंय, ठेवते गं’ म्हणून मोकळी होते आणि त्याचा कुणाला राग येत नाही. पाहुण्यांसमोर अर्धवट राहिलेला चहा आणि देवापुढं अर्धवट राहिलेली पूजा, दोन्ही आमच्या गल्लीत माफ असतं.

माझ्या माहेरी मात्र ‘पाणी आलं’ म्हणजे लाईट गेली.

हे दोन्ही अर्थ एकाच पाण्याचे आहेत, आणि ते सांगायचं तर थोडा भूगोल सांगावा लागेल. मी शाळेत तोच विषय शिकवायचे, त्यामुळं कंटाळा आणायची सवय आहे. सोलापूर शहर नदीवर वसलेलं नाही. भीमा वाहते दक्षिणेला, मंद्रूपच्या पुढं. उन्हाळ्यात शहरासाठी वरच्या धरणातून त्याच नदीत पाणी सोडतात. ते कोरड्या पात्रातून वळणं घेत, बंधारे भरत खाली येतं आणि मग उचलून शहरात आणतात. वाटेत काठावर ऊस आणि उसाच्या मोटरी. त्या चालू राहिल्या तर शहरापर्यंत काय पोचणार? म्हणून पाणी सोडलं की काठावरची वीज बंद ठेवतात. दिवसाकाठी थोडा वेळ देतात, तोही आज सकाळी तर उद्या संध्याकाळी. गावठाणात घर असेल तर भागतं. आमच्यासारखी शेतातली वस्ती शेतीच्याच लाईनवर असते, तिथं मोटर बंद म्हणजे पंखाही बंद. यात कुणी वाईट केलं असं मी म्हणत नाही. मीही तेच पाणी पिते.

नकाशात ही नदी निळ्या रेघेनं दाखवतात. मार्च उलटला की तिच्यात निळं असं काही उरत नाही. आमच्या वस्तीपाशी तिच्या मधोमध राज्याची हद्द जाते. अलीकडं महाराष्ट्र, पलीकडं कर्नाटक. पलीकडच्या गावात माझी आत्या दिलेली आहे, त्यामुळं लहानपणी उन्हाळाभर आम्ही पात्रातून चालत या राज्यातून त्या राज्यात जायचो आणि जेवून परत यायचो. आमच्या घरात कन्नड, बांधावर मराठी, भांडताना दोन्ही. ही ‘नैसर्गिक सीमा’ आहे असं मी पुढं वर्गात शिकवलं तेव्हा मला मनातून हसू यायचं.

‘हवामान उष्ण व कोरडे’ हेही मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. लिहिणाऱ्याचं काय जातंय! मे महिन्यात इथं उन्हं वर आली की भिंतीला हात लावता येत नाही. टाकीतलं पाणी अंगावर घेतलं तर चटका बसतो. वारा येतो तो चुलीपुढं बसल्यासारखा येतो. धडधाकट माणसं या दिवसांत कशीबशी तरून जातात. माझे वडील धडधाकट राहिले नव्हते.

अप्पांची फुप्फुसं कामातून गेली होती. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशिन लावायला सांगितलं. ते विजेवर चालतं, हवेतून ऑक्सिजन ओढतं आणि नळीनं नाकाला देतं. दिवसाचा बराचसा वेळ ते लागायचंच. अप्पांनी त्याच्याशी जमवून घेतलं होतं. माझ्या भावजयीच्या देखत ते म्हणायचे, “ही माजी दुसरी सून. दिसभर कुरकुरती, पन सोडून जात न्हाय.” भावजय हसायची आणि त्यांच्यापुढं भाकरी कुस्करून ठेवायची.

उन्हाळ्यात वस्तीवर लाईट जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून मार्चमध्येच मी अप्पांना माझ्याकडं शहरात आणलं. माझं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. कूलर लावला, खिडक्यांना ओली गोणपाटं लावली. कूलरला पाणी लागतं आणि पाणी कधी येईल याचा पत्ता नाही, म्हणजे पुन्हा तेच. अप्पा दिवसभर खिडकीकडं तोंड करून बसायचे. समोर दुसऱ्याची भिंत.

“हितं हवाच न्हाय की गं,” ते म्हणाले. “तुज्या पत्र्याखाली भाजून मरू व्हय मी?”

मी पुष्कळ चिडले. तिकडं लाईट गेल्यावर काय करणार, असं ओरडून विचारलं. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी भावाला फोन करून गाडी मागवली. अप्पांपुढं आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर हातच टेकले होते.

मग मे महिन्यात एका सकाळी भावाचा फोन आला. “अक्का, पाणी आलंय.”

मी लगेच पिशवी भरायला घेतली. त्यानं इन्व्हर्टर बसवला होता, पण मशिन त्याची बॅटरी थोड्या वेळात पिऊन टाकायचं आणि पुन्हा भरायला पुरेशी लाईट मिळायची नाही. सिलिंडर सोलापुरातून न्यायचे म्हटले तर एक पोचेपर्यंत दुसरा संपत आलेला. मी वस्तीवर गेले तेव्हा अप्पा उघड्यावर बाजेवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. श्वास ओढताना त्यांच्या मानेच्या शिरा वर येत होत्या. भावजय पदरानं वारा घालत होती. बोलायला गेले की त्यांचे ओठ निळसर व्हायचे. मला फार भीती वाटली. कुणी मरताना मी पाहिलं नव्हतं, आणि आता ते माझ्यासमोर चाललं आहे असं वाटलं.

मार्ग आत्यानं काढला. ती अप्पांची धाकटी बहीण. तिचा फोन आला, “अण्णाला हिकडं आना. हिकडं लाईट हाय की.”

पलीकडच्या काठाची लाईन त्यांच्या राज्याची. आपल्याकडचा हुकूम तिला लागू नाही. नदी कोरडी असती तर बाजेसकट उचलून पात्रातून नेलं असतं. आता पाणी होतं, त्यामुळं जीप काढून दूरच्या पुलावरून वळसा घ्यावा लागला. अप्पा नको नको म्हणत होते, पण नको म्हणायलाही दम पुरत नव्हता, म्हणून त्या वेळी आमचं चाललं. आत्याच्या पडवीत बाज टाकली, मशिन लावलं, पंखा सुरू झाला. थोड्या वेळानं त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला आणि त्यांनी चहा मागितला. आत्या दाराआड जाऊन रडली.

मी तिथंच राहिले. पहिले काही दिवस मला इतकं हलकं वाटत होतं की आजूबाजूला काय चाललंय ते दिसलंच नाही. मग दिसायला लागलं. आत्याच्या मुलाची मोटर नदीवर दिवसरात्र चालू होती. शेजाऱ्यांचीही. माझ्या शहरासाठी सोडलेलं पाणी पलीकडचा ऊस पीत होता, आणि त्याच लाईटवर माझा बाप श्वास घेत होता. त्या माणसांना दोष तरी कसा देणार? त्यांचं पीक त्यांच्या डोळ्यांसमोर वाळत होतं आणि पाणी दारातून वाहत चाललं होतं. मी मुकाट्यानं त्यांच्या घरचं जेवत राहिले.

पाणी शहराच्या वाटेवरच रेंगाळलं. पुरेसं पोचेना, म्हणून सोडणं लांबलं. सोडणं लांबलं म्हणून आमच्या काठावरची लाईट बंदच राहिली. आमच्या गावची माणसं चवताळली. पलीकडचीही लाईट तोडायला लावा, म्हणून ती अर्ज करायला, अडून बसायला निघाली. माझ्या भावालाही बोलवायला आली. सगळ्यांना ठाऊक होतं की अप्पा कुठं आहेत.

“मी आजारी हाय म्हनून सांगितलं,” भाऊ फोनवर म्हणाला. “त्यांचं बरोबर हाय अक्का. माजाबी ऊस गेला. पन तितली लाईट तोडा असं मी कुटल्या तोंडानं म्हनू?”

मी देवाला हात जोडले की त्या माणसांचं कुणी ऐकू नये. माझ्याच गावच्या माणसांचं.

अप्पांना सगळं कळत होतं. पडवीतून नदी दिसायची आणि नदीपलीकडं आमची वस्ती, चिंचेचं झाड, गोठ्याचा पत्रा. अंधार पडला की आत्याच्या गावात दिवे लागायचे आणि आमच्या बाजूला काही दिसायचं नाही. ते त्या अंधाराकडं बघत बसायचे. एक दिवस त्यांनी नाकातली नळी काढली आणि म्हणाले, “मला घरी न्या.”

“अप्पा, तितं लाईट न्हाय,” मी म्हणाले.

“लाईट काय करायची? मला माज्या रानात मरायचं हाय. हितं मेलो तर पुलावरनं आनशीला, टेंपोत घालून, शेरडावानी.”

आत्याला ते फार लागलं. ती म्हणाली, “माजं घर काय परकं हाय व्हय रं अण्णा?” अप्पांनी तिच्याकडं बघितलं नाही. आत्याच्या लग्नापासून ज्या घरी ते पात्रातून चालत येत होते, ते घर आता त्यांना दुसऱ्या मुलखातलं वाटत होतं. मधे पाणी आलं होतं एवढंच.

मी नाही म्हणाले. पाणी सरू द्या, लाईट येऊ द्या, मग त्याच दिवशी नेते म्हणाले. ते रागावले, मग मिनतवाऱ्या करायला लागले. ज्या माणसानं आयुष्यात कुणापुढं मान वाकवली नाही, तो माझा हात धरून विनवत होता आणि मी त्याची नळी पुन्हा नाकाला लावत होते. घरी नेणं म्हणजे मारणं होतं. माझा निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही, आणि तसं वाटत नाही म्हणून काही हलकंही होत नाही.

त्यानंतर ते बोलायचे थांबले. जेवण सुटलं. आत्या चमच्यानं तांदळाची पातळ गंजी भरवायची, अर्धी बाहेर यायची. ऊन इतकं कडक पडलं होतं की पडवीतल्या पंख्याची हवाही भाजत होती. एका दुपारी मी त्यांच्या उशाशी बसले होते तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि कन्नडमध्ये विचारलं, “नीर बंतेनवा?” पाणी आलं का गं?

सकाळीच सोलापूरच्या माझ्या घरून फोन आला होता की नळ आलाय, चांगला जोरात आलाय, सगळं भरून ठेवलंय.

“बंतु, अप्पा,” मी म्हणाले. आलं.

“साक,” ते म्हणाले. साक म्हणजे पुरे. रागानं म्हणाले की समाधानानं, ते मला कळलं नाही. दुपार कलायच्या आत ते गेले. लाईट होती, पंखा फिरत होता, मशिन चालू होतं. नळीतून हवा येत होती आणि घेणारा नव्हता. ते बंद करायचं कुणाच्या लक्षात येईना, शेवटी मी बटण दाबलं.

त्यांना पुलावरूनच आणलं, टेंपोत. दुसरं काही मिळालं नाही. मी आणि आत्या मागं त्यांच्याजवळ बसलो आणि वळणावर त्यांचं डोकं आपटू नये म्हणून दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं.

आम्ही लिंगायत; आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. रानात, आईच्या शेजारी, भावानं जागा आखून ठेवली होती. काळी माती उन्हानं दगड झाली होती, पहार आत जाईना. गड्यांनी नदीवरून घागरी आणून ओतल्या तेव्हा कुठं खड्डा झाला. मातीला सगळं गाव आलं होतं. मठाच्या स्वामींनी मंत्र म्हटले, अप्पांच्या कपाळाला विभूती लावली, त्यांना खाली बसवलं. भावानं पहिली मूठ टाकली, मग मी, मग आत्या. मग लोक घमेल्यांनी माती लोटायला लागले.

खड्डा अर्धा भरला असेल, तेवढ्यात नदीच्या बाजूनं कुणीतरी हाळी दिली, “लाईट आली!”

खड्ड्याभोवतीच्या माणसांची घमेली थांबली. मग मागच्या मागं एकेक जण सरकायला लागला. टोप्या डोक्यावर चढवत, बांधावरून वाकून, आमच्याकडं न बघता. थोडाच वेळ लाईट राहणार होती आणि तेवढ्यात पिकाला जाईल तेवढं पाणी जाणार होतं. मला संताप आला, आणि संताप करावा असा एकही माणूस त्यांत नव्हता. नदीवर एक मोटर सुरू झाली. मग दुसरी.

भाऊ घमेलं हातात धरून उभा होता. त्याचा ऊस शेंड्यापर्यंत पिवळा पडला होता. त्यानं उसाकडं पाहिलं, मग खड्ड्याकडं, मग माझ्याकडं.

“जा,” मी म्हणाले.

“अक्का, अप्पा अजून वर दिसत्यात.”

“अप्पांनी तुला एव्हाना शिव्या देऊन हाकललं असतं. जा.”

त्यानं घमेलं खाली ठेवलं आणि नदीकडं पळत सुटला. थोड्या वेळात आमच्या मोटरीचा आवाज आला आणि पाटात पाणी पडायला लागलं. मी, आत्या आणि स्वामी, आम्ही तिघांनी उरलेली माती हातांनी ओढून घेतली.